लालकुसळीचे लाड

गहूबाईंच्या वाफ्यातल्या गव्हाची टोकं पांढरी पडायला लागली, तेव्हा पहिला संशय त्यांनी बटाटेरावांवर घेतला. त्या दिवसांत बीजकेंद्रात काहीही बिघडलं, अगदी कार्यालयातला पंखा बंद पडला, तरी गहूबाई आधी बटाटेरावांकडेच बघत.

दोघं एकमेकांचे विहीण-व्याही. गहूबाईंची लेक म्हणजे बटाटेरावांची सून. शिवाय दोघांची नोकरी एकाच केंद्रात. मागे पडत चाललेल्या जुन्या पिकांचं बियाणं जपायचं, ते अधूनमधून पेरून ताजं करायचं, हे तिथलं काम. गव्हाचा विभाग बाईंकडे, बटाट्याचा रावांकडे, आणि नावं त्यावरूनच पडलेली. झालं असं होतं की, करपा येऊ नये म्हणून बटाटेरावांनी आपल्या बटाट्यावर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारलं, नेमका वारा फिरला आणि थोडे शिंतोडे गहूबाईंच्या वाफ्यापर्यंत उडाले. त्यावर गहूबाई सगळ्या केंद्रासमोर जे बोलल्या, ते कुणी आपल्या व्याह्यांना बोलत नाही. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. निरोप लेकीमार्फत जायचे, आणि ती बिचारी ते वाटेत बरेच मऊ करायची.

पण गहूबाई एवढ्या भडकल्या त्यालाही कारण होतं. त्या वाफ्यात लालकुसळी होती.

लालकुसळी हा जुना गहू. उंच, तांबूस कुसळांचा. ज्या ओलीत दुसऱ्या गव्हाची मुळं कुजून जातात तिथे हा खुशाल उभा राहतो. गहूबाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी नदीकाठच्या एका म्हातारीकडून त्याचं बी आणलं होतं. आता ती म्हातारी नाही, तिचं शेत नाही आणि तो गहू पेरणारंही कुणी नाही. मागच्या वर्षी केंद्राच्या शीतखोलीचं यंत्र ऐन सुट्टीत बंद पडलं. बाकीचं बी कसंबसं तगलं. हे मुळातच थकलेलं, ते गेलं. दुसऱ्या दोन केंद्रांकडे याचे नमुने होते. एकाचं बी उगवलंच नाही, दुसऱ्याच्या पाकिटातून भलताच गहू निघाला. मग गहूबाईंनी उरलंसुरलं सगळं बी ओल्या टिपकागदावर मांडलं आणि रोज सकाळी आल्या आल्या, चपला न काढता, त्यावर वाकून बसायला लागल्या. बरेचसे दाणे तसेच सडले. काही थोड्यांना मोड आले. या जगात लालकुसळी म्हणून जी काही होती, ती आता तेवढीच.

तिच्यासाठी गहूबाईंनी जो वाफा केला तो बघायला माणसं यायची. एरवीची माती त्यांना पसंतच पडली नाही. तळ्याच्या काठची काळी, कुजकी माती त्यांनी ट्रॉली भरून आणवली. तिच्यात केंद्राच्या गोठ्यातलं मुरलेलं शेणखत घातलं. मग थोडं कमी वाटलं म्हणून आणखी घातलं. पानांचं खत घातलं. रोपं लावल्यावर पंधरवड्याला शेणाचं पातळ पाणी. वाफ्याच्या चारी बाजूंनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे साध्या गव्हाची एकेक ओळ लावली, म्हणजे वारा, पाखरं, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय, जे काही सोसायचं ते त्या कडेच्या ओळीनं सोसावं. त्या शिंतोड्यांच्या भानगडीनंतर बटाट्याच्या बाजूला त्यांनी उंच हिरवं कापड ताणलं. ते कडेच्या ओळीच्या आतून लावलं. ओळ बाहेर राहिली, पण ती साध्या गव्हाची, तिची कोण काळजी करतो! लालकुसळीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं.

हा त्यांचा स्वभावच. माणसाला असो, झाडाला असो, खाऊ घातल्याशिवाय त्यांना प्रेम दाखवता येत नसे. लेक एकदा म्हणाली होती, "आई, तुझ्याकडे भूक लागायची सोयच नाही." गहूबाईंना ती तारीफ वाटली होती.

तर अशा त्या लाडक्या गव्हाची टोकं पांढरी पडली. कोवळ्या पानांचे शेंडे वाळून दोऱ्यासारखे पिळवटले. खालची पानं मात्र हिरवीगार, अगदी माजल्यासारखी. गहूबाईंनी आधी बटाटेरावांच्या नावानं बोटं मोडली, मग पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी दिलं, मग अशक्तपणा असेल म्हणून शेणाच्या पाण्याचा डोस वाढवला. आठवड्याभरात पांढरेपणा बोटभर खाली उतरला.

तेव्हा पिकांचे रोग बघणारे रोगडॉक्टर आले. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी भिंगातून पानं पाहिली, कडेच्या तीन ओळींमधल्या साध्या गव्हावरही तेच पांढरे शेंडे पाहिले, आणि पानाच्या मागे चिकटलेली माव्याची बारीक कीड बोटावर घेऊन गहूबाईंसमोर धरली.

"विषाणू वाटतोय," ते म्हणाले. "माव्यानं आणलाय. साध्या गव्हावरही पसरलाय, बघा."

"वाटतोय म्हणजे? खात्री आहे का?"

"तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल. पण बाई, पलीकडच्या शेतात आपले शेकडो वाण उभे आहेत. मावा उद्या तिकडे जाईल. हा वाफा उपटून जाळावा लागेल."

गहूबाई डॉक्टर आणि वाफा यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

प्रकरण संचालक मॅडमकडे गेलं. मॅडमनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. डॉक्टरांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एका वाणासाठी शेकडो वाण पणाला लावता येत नाहीत, हे गहूबाईंनाही पटत होतं.

"मातीचं काही असेल तर?" त्यांनी विचारलं. "काहीतरी कमी पडत असेल."

डॉक्टरांनी शांतपणे मातीचा अहवाल पुढे सरकवला. तो वाफा तयार झाल्यावर गहूबाईंनीच करून घेतला होता. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, जस्त पुरेसं, लोह पुरेसं, तांबं पुरेसं. कमी असं काहीच नव्हतं.

"परवा सकाळपर्यंत थांबू," मॅडम म्हणाल्या. "तोवर वाफ्यावर बारीक जाळी टाका, मावा बाहेर जायला नको. परवा मात्र निर्णय."

दुपारी जाळी टाकून झाली. मदतीला आलेले सगळे निघून गेले आणि गहूबाई जाळीच्या आत एकट्याच उकिडव्या बसून राहिल्या. गहू पोटरीत होता. शेवटच्या पानाच्या पोटात ओंबी फुगलेली बोटाला लागत होती. अजून थोड्या दिवसांत ती बाहेर पडली असती. त्यांना स्वतःचाच राग आला, मग डॉक्टरांचा, मग माव्याचा, आणि हे तिन्ही पुरेनात म्हणून पुन्हा बटाटेरावांचा. उठून त्यांनी ते हिरवं कापड रागारागानं बाजूला ओढलं. आता काय वाचवायचं राहिलं होतं त्या कापडानं!

कापडापलीकडची कडेची ओळ हिरवी होती.

नुसती हिरवी नव्हे, शेंड्यापर्यंत हिरवी. पानं सरळ, टोकं शाबूत. गहूबाई गुडघ्यांवर बसल्या. हा तोच साधा गहू, त्याच दिवशी लावलेला, त्याच वाफ्यातला, तेच खत खाल्लेला. बाकीच्या तीन बाजूंना हाच गहू पांढरा पडला होता. इथे मात्र काही झालं नव्हतं. मावा इथेही होताच. त्यांनी एक पान उलटंपालटं केलं. पानावर निळसर, चुनखडीसारखे बारीक ठिपके वाळून बसले होते. बटाटेराव दर आठवड्याला फवारत होते, आणि दर आठवड्याला थोडं थोडं या ओळीवर येत होतं. आतल्या गव्हाला ते मिळू नये म्हणून तर गहूबाईंनी कापड लावलं होतं.

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. त्यांनी तिथूनच, जाळीत बसल्या बसल्या, माती तपासणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

"तुझ्या अहवालात तांबं पुरेसं लिहिलंयस."

"मातीत किती आहे ते लिहिलंय," मैत्रीण म्हणाली. "पिकाला किती मिळतंय ते तू विचारलंच नव्हतंस. का गं?"

गहूबाईंनी पांढऱ्या टोकांचं सांगितलं, निळ्या ठिपक्यांचं सांगितलं.

"वाफ्यात काय काय घातलंयस?"

गहूबाईंनी तेही सांगितलं. किती घातलं ते सांगताना आवाज आपोआप खाली आला.

"अगं, मग ती माती उरलीच कुठे? नुसती कूज आहे ती. असल्या काळ्या कुजीत तांबं जखडून बसतं. दुसरं काही एवढं धरून ठेवत नाही ती, पण तांब्याला सोडत नाही. जितकं खत जास्त, तितकी पकड घट्ट. वर तू नत्राचा मारा केलास, गहू भसाभसा वाढला, त्याची गरज वाढली. घरात आहे आणि हाताला लागत नाही, असं झालंय त्याचं."

"पण शेणखतातही तांबं असतंच की!"

"असतं. आणि ते खतच धरून ठेवतं."

गहूबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. दर पंधरवड्याला त्या बादली घेऊन यायच्या, वाटीवाटीनं प्रत्येक रोपाला पाजायच्या. त्या प्रत्येक वाटीबरोबर त्याच्या तोंडचा घास आपणच काढून घेत होतो, हे त्यांना तिथे चिखलात बसून कळलं.

"आता मुळाशी मोरचूद घालू?"

"पुढच्या पिकाला उपयोग होईल. आत्ता घातलंस तर ती कूज तेही गिळेल. पानावर दे, हलकं. आणि पोटरीत आहे म्हणतेस? मग उशीरच झालाय गं. पराग याच दिवसांत तयार होतो. तांबं मिळालं नाही तर पराग वांझ होतो, ओंबी पोचट राहते."

"हे तांब्याचंच आहे, याची खात्री आहे?"

"इथे बसून? नाही. पानं पाठव, तपासते. पण निकाल यायला आठवडा तरी जाईल."

आठवडा नव्हता. आणि मोरचूद म्हणजे काही साखरेचं पाणी नव्हे. जरा जास्त झालं, चुना कमी पडला, तर कोवळं पान भाजून निघतं. चुकलं तर परवा उपटायलाही काही उरलं नसतं. हे द्रावण डोळे मिटून बनवू शकेल असा केंद्रात एकच माणूस होता.

बटाटेराव आपल्या शेडमध्ये पंपाची नळी साफ करत होते. गहूबाई दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाहून ते चटकन उठले. भांडण असलं तरी विहीणबाईंसमोर बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

"या," ते म्हणाले. "आज वारा नाहीये हो. मी काही फवारलेलं नाही."

"फवारा," गहूबाई म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या गव्हावर फवारा. आत्ता. ऊन उतरलं की लगेच." आणि मग, "माझंच चुकलं व्याही. तुमचे शिंतोडे पडले तेवढाच गहू धड आहे."

बटाटेरावांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं हा क्षण जरा चघळला असता. त्यांनी नळी खाली ठेवली आणि विचारलं, "पान किती कोवळं आहे?"

त्यांनी प्लॅस्टिकच्या एका बादलीत मोरचूद विरघळवलं, दुसरीत चुना कालवला. बटाट्याला घेतात त्याहून किती तरी कमी. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतलं, धार बारीक, हात सारखा ढवळता. रंग आकाशी झाला. खिशातून त्यांनी लोखंडी चाकू काढला, पातं त्या पाण्यात बुडवून धरलं आणि उजेडात नेलं. पात्यावर तांबूस पुट चढलं होतं.

"अजून तेज आहे," ते म्हणाले. "पान जळेल." आणखी चुना. पुन्हा पातं. पुन्हा पुसटसा तांबूसपणा. सूर्य झाडांच्या मागे जायला लागला. तिसऱ्यांदा पातं स्वच्छ निघालं.

"मॅडमना विचारलंय का?" पंप पाठीवर चढवताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," बटाटेराव म्हणाले, आणि दोघं निघाले.

दुसऱ्या दिवशी गहूबाई स्वतःच मॅडमच्या खोलीत गेल्या आणि काय केलं ते सांगून मोकळ्या झाल्या. मॅडम भडकल्या. डॉक्टरांना तर नाकाला मिरच्या झोंबल्याच. जगातल्या शेवटच्या रोपांवर परवानगीशिवाय औषध मारणं हे त्यांच्या मते विषाणूपेक्षा वाईट होतं. पण कडेची ती हिरवी ओळ त्यांनी जाऊन पाहिली, आणि परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"विषाणू असता तर मोरचुदानं थांबला नसता," ते नाइलाजानं म्हणाले. "एक आठवडा. जाळी उघडायची नाही. नव्या पानाचा शेंडा पांढरा आला, तर मी स्वतः उपटणार."

तो आठवडा गहूबाईंनी कसा काढला ते त्यांच्या लेकीलाच ठाऊक. त्या जेवायला बसत आणि उठत. तिसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी डाग दिसले आणि त्या तडक बटाटेरावांच्या शेडकडे धावल्या. बटाटेरावांनी येऊन पाहिलं, डाग पसरत नाहीत असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच सांगितलं. जुनी पांढरी टोकं तर हिरवी होणार नव्हतीच. बघायचं होतं ते बुडाशी नुकत्या फुटलेल्या फुटव्यांकडे. मग एका सकाळी एका फुटव्याचं नवं पान उलगडलं. चपटं, सरळ, टोकापर्यंत हिरवं. दुपारपर्यंत दुसरं. डॉक्टरांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि "जाळून टाकायचं राहू द्या" एवढंच बोलून गेले. बटाटेरावांनी तेच हलकं पाणी आणखी एकदा फवारलं.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या ओंब्या बाहेर पडल्या. काय दिसत होत्या! उंच, तांबूस कुसळांच्या, वाऱ्यात हलणाऱ्या. केंद्रातली माणसं पाहून जायची आणि गहूबाईंचं अभिनंदन करायची. गहूबाई मात्र चिमटा घेऊन एकेक फूल उघडून बघत होत्या. आतले परागकोश पिवळे, टपोरे असायला हवेत. ते पांढरे होते, सुकलेल्या दोऱ्यासारखे. बोटावर चोळले तर काहीच निघालं नाही. मैत्रीण म्हणाली होती तसंच झालं होतं. मोठ्या ओंब्यांना तांबं पोचलं तेव्हा वेळ टळून गेली होती.

आणि तेवढ्यावर भागलं नव्हतं. गव्हाचं फूल एरवी दार लावूनच आपलं काम उरकतं. स्वतःचा पराग नसला की ते वाट बघतं, उघडतं, कुणाचाही पराग घेतं. त्या सगळ्या ओंब्या आता तशा उघड्या पडल्या होत्या, आणि निळ्या ठिपक्यांची ती कडेची ओळ, निरोगी, परागानं भरलेली, हाताच्या अंतरावर उभी होती. ती उपटली तरी उपयोग नव्हता. पलीकडचं सगळं शेतच फुलावर आलं होतं, आणि माव्याच्या जाळीला पराग अडत नाही. दाणे भरणार होते. भरघोस नाही, पण भरणार होते. मात्र त्यातला प्रत्येक दाणा अर्धाच लालकुसळीचा असणार होता, अर्धा परक्या गव्हाचा.

बुडाशी फुटवे होते. उशिरा आलेले, ठेंगणे. त्यांना वेळेवर तांबं मिळालं होतं. पण उन्हं तापायला लागली होती आणि झाडाची सगळी ताकद वरच्या मोठ्या ओंब्यांकडे चालली होती. त्या ओंब्या कापल्या तर फुटव्यांना कदाचित भरायला वेळ मिळाला असता. कदाचित.

मॅडम, डॉक्टर आणि बटाटेराव, तिघंही वाफ्याशी उभे होते.

"असू देत की," मॅडम म्हणाल्या. "अर्धी तर अर्धी. हातात काहीतरी येईल. फुटव्यांचं काय सांगावं? दोन दिवस गरम वाऱ्याची लू आली की गेले."

"ते रास्त आहे," डॉक्टर म्हणाले.

गहूबाईंनी बटाटेरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "विहीणबाई, मीसुद्धा ठेवल्या असत्या. खोटं कशाला बोलू?"

सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि गहूबाईंना तर त्या ओंब्यांचा सगळ्यात जास्त लोभ होता. त्याच तर वाढवलेल्या, वाटीवाटीनं पाजलेल्या. ठेवल्या असत्या तर पुढच्या वर्षी एक छान, उंच, तांबूस गहू आला असता आणि पाकिटावर लालकुसळी असं लिहिताही आलं असतं. वर्षा-दोन वर्षांत कुणाला काही कळलंही नसतं. ओलीत मुळं कुजेपर्यंत कळलं नसतं.

"कात्री द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, विचार करा," मॅडम म्हणाल्या. "फुटवे गेले तर काहीच राहणार नाही."

"काहीच राहिलं नाही, तर काहीच राहिलं नाही असं लिहू. भलत्यालाच लालकुसळी म्हणून मी सही करणार नाही."

मॅडमनी मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार किती आणि हताशपणा किती, ते सांगता येणार नाही.

पहिली ओंबी गहूबाईंनी कापून पायाशी टाकली. दुसऱ्या ओंबीला त्या थांबल्या, डोळे पुसले, मग मात्र थांबल्या नाहीत. उंच, देखणं असं एकही कणीस त्यांनी ठेवलं नाही. वाफा भादरल्यासारखा दिसायला लागला. फुटव्यांच्या ओंब्या वर आल्या तशी एकेकीवर त्यांनी कागदी पिशवी चढवून बांधली, परका पराग आत जाऊ नये म्हणून. बांधायच्या आधी भिंग लावून पाहिलं. परागकोश पिवळे होते. बोटाला पिवळी धूळ लागली, तेव्हा त्या इतक्या जोरात हसल्या की शेडमधून बटाटेराव धावत आले.

लू आलीच. गहूबाईंनी ओल्या गोणपाटांचे आडोसे केले, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. खत मात्र घातलं नाही. हात कितीदा शिवशिवला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काही फुटवे करपून गेले, त्यांच्या पिशव्या हलक्या झाल्या. काही राहिले.

पिशव्या उघडायला चौघं टेबलाभोवती बसले. पहिल्या पिशवीत पोचट फोलपट. दुसरीतही. तिसरी ओंबी गहूबाईंनी तळहातावर चोळली, फुंकर मारली, आणि हातात दाणे राहिले. बारीक, सुरकुतलेले, पण दाणे. शेवटची पिशवी रिकामी झाली तेव्हा सगळं मिळून चहाच्या कपाचा तळ जेमतेम झाकला. त्यातले काही त्यांनी टिपकागदावर मांडून पाहिले आणि जवळजवळ सगळ्यांना मोड आले.

"आता पुढच्या हंगामाला वाफा कुठे करायचा?" मॅडमनी विचारलं. त्या पेन उघडून बसल्या होत्या. "तळ्याकाठची माती आणायची का?"

"नको," गहूबाई म्हणाल्या. "व्याह्यांच्या बटाट्याच्या रानात साधी माती आहे. तिथे लावू या. त्यांनीच लावावा."

बटाटेराव दचकले. "मी? विहीणबाई, मला गव्हातलं काय कळतं?"

"तेच बरं. मला कळतं म्हणून तर हे झालं." त्यांनी दाण्यांचं पाकीट बंद केलं, पण हातातच धरून ठेवलं. "माझ्याच्यानं हात आखडता घेतला जाणार नाही. मी रोज येऊन सांगेन, थोडं खत घाला, मूठभरच घाला, बघा किती बारीक दिसतंय. रडेनसुद्धा. तुम्ही घालायचं नाही."

"नाही घालणार."

"मी व्याह्यांचा मानसुद्धा ठेवणार नाही."

"तो तुम्ही मागेही ठेवला नव्हता," बटाटेराव म्हणाले. डॉक्टर हसले. गहूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाकीट टेबलावरून पुढे सरकवलं, बटाटेरावांनी ते दोन्ही हातांनी उचलेपर्यंत त्यावरचं बोट काढलं नाही, आणि मग उठून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, ढसाढसा रडल्या.